आजारी सफरचंदांचा ऑक्टोबर

ऑक्टोबर आला की मी फळवाल्यांचं नावडतं गिऱ्हाईक होते. डोंबिवलीत स्टेशनबाहेर हातगाड्यांवर सफरचंदांचे ढीग लागतात आणि मी एकेक फळ उचलून आधी त्याचं बूड बघते. देठ सगळेच बघतात, रंग सगळेच बघतात. बुडाशी, जिथं फुलाचा वाळका अवशेष चिकटून राहिलेला असतो, तिथं कोणी डोकावत नाही. मी डोकावते. तिथं खरखरीत तपकिरी चट्टा आहे का, लाल सालीवर फिकट गोल ठिपके उमटलेत का, हे बघून झाल्याशिवाय माझा हात पिशवीकडे जात नाही. परवा आमचा नेहमीचा फळवाला वैतागून म्हणाला, "ताई, खायचंय की लग्न लावायचंय त्याचं?"

त्याला काय सांगणार? ठिपकेवालं फळ खाल्लं तर माणसाला काही होत नाही. ते दिसतं कुरूप, चवीला जरा फिकं, एवढंच. पण तसं एखादं सापडलं की मला भलताच आनंद होतो, जुना ओळखीचा चेहरा गर्दीत दिसावा तसा. मग मी ते मुद्दाम विकत घेते आणि घरी आणून खिडकीत ठेवते. घरचे आता विचारत नाहीत. घामानं पाठ भिजलेली असते, पंखा गरम वारा ढवळत असतो, सगळी डोंबिवली ऑक्टोबरला शिव्या घालत असते आणि मी मात्र खुशीत असते. कारण या उकाड्याला माझ्यासाठी फिनेलसारखा एक उग्र वास आहे, झेंडूचा वास आहे आणि सफरचंदाच्या पेटीतल्या गवताचा वास आहे.

आमच्या लहानपणी सफरचंद हे फळ नव्हतंच, ते औषध होतं. घरात सफरचंद आलं म्हणजे कोणीतरी आजारी आहे हे शेजाऱ्यांना कळायचं. मोसंबी म्हणजे साधा ताप, सफरचंद म्हणजे टायफॉइड. आई ते सोलून, पातळ फोडी करून आजाऱ्याला द्यायची आणि आम्ही धडधाकट भावंडं सालींवर तुटून पडायचो. मला तर वाटायचं, एकदा तरी चांगलं दणदणीत आजारी पडावं.

त्यामुळे एम.एस्सी. झाल्यावर मला ठाण्याला कोपरीतल्या एका छोट्या प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि तिथं सफरचंदाच्या झाडांचे रोग ओळखायचं काम आहे असं मी घरी सांगितलं, तेव्हा बाबांनी पेपर खाली ठेवला. "म्हणजे सफरचंदच आजारी पडतं?" ते म्हणाले. "मग त्याला भेटायला जाताना काय न्यायचं?"

ही गोष्ट नव्वदच्या आसपासची. सफरचंदाचं झाड कोपरीपासून हजार मैलांत नव्हतं. खाडीचा वारा, दमट भिंती, खिडकीखाली मासळीवालीची हाक, आणि आत टेबलावर हिमाचलच्या डोंगरातून आलेल्या काटक्या. हा उफराटा कारभार चालायचा तो आमच्या प्रमुख आपटेबाईंमुळे. बाईंनी टोमॅटोच्या असल्याच एका रोगावर बरीच वर्षं काम केलेलं होतं, आणि त्यांची एक मैत्रीण तिकडे डोंगरात फळबागांच्या कामात होती. तिकडे संशय आला की काटक्या इकडे यायच्या. बाई पुण्याच्या, बोलणं स्वच्छ, साडी कडक आणि शिस्त साडीहून कडक.

त्या रोगाचं कारण म्हणजे व्हायरॉइड. विषाणू तरी अंगावर एक कवच घालून हिंडतो, याला तेही नाही. नुसता एक अतिसूक्ष्म धागा, दोन्ही टोकं एकमेकांना जोडलेला, कड्यासारखा. बाई हे समजावत असताना आमचा सहकारी नरेश भोईर एकदा म्हणाला, "म्हणजे अंगावर चड्डी पण नाय?" बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "नाही भोईर, आणि तरी तो सगळ्या झाडाला पुरून उरतो." नरेश बाळकुमचा. घरची भाजीची आणि झेंडूची शेती, पाच पिढ्या तिथल्याच. आज त्या शेतावर उंच इमारती आहेत आणि नरेश त्यातल्याच एकीत वरच्या मजल्यावर राहतो. कुंडीत झेंडू लावतो, आणि फोनवर मला सांगतो की कुंडीतल्या झेंडूला मातीची नाय, लिफ्टची चव येते.

हा उघडा धागा पकडायची आमची रीत मला अजूनही कौतुकाची वाटते. काटकीची साल खरवडायची, खलात बारीक कुटायची, उग्र वासाच्या रसायनात घुसळून तिच्यातले सगळे धागे वेगळे काढायचे. मग दोन काचांच्या मध्ये पातळ जेलीसारखा थर ओतून, त्याच्या वरच्या कडेला दर नमुन्याचं एकेक घर करून त्यात ते सोडायचे, आणि विजेच्या जोरावर खाली पळवायचे. नंतर सगळं चांगलं गरम करून उलट वर पळवायचे. सुटे धागे सुळकन वर निघून जातात. पण गोल कडं उष्णतेनं फुगतं, सैल होतं आणि जेलीच्या जाळीत अडखळतं. चाळणीतून शेवया जातात, बांगडी जात नाही, तसं. शेवटी चांदीच्या क्षारांचं पाणी घातलं की काचेवर तपकिरी रेघा उमटतात, आणि खालच्या बाजूला एकटीच मागे राहिलेली रेघ दिसली, की झाड आजारी. आता म्हणे हे सगळं एका छोट्या यंत्रात दुपारच्या चहापर्यंत होतं. होऊ दे बापडं.

या सगळ्यात एकच मोठा शत्रू, तो म्हणजे आपला हात. माणसाच्या घामात असं काही असतं की ते या धाग्यांचा क्षणात भुगा करतं. म्हणून हातमोजे. हातमोजे धुवायचे, वाळवायचे, पावडर लावून पुन्हा घालायचे. खल, काचा, बाटल्या भट्टीत भाजून काढायच्या. ऑक्टोबरात हातमोजा काढला की आतून वाटीभर पाणी ओघळायचं. "नागडा हात दिसला तर नोकरी जाईल," असं बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं. शब्द त्यांचाच, आणि त्यांच्या तोंडून तो ऐकून मी गार झाले होते.

अशा त्या ऑक्टोबरात नेगीजी आले. डोंगरातून बागाईतदार स्वतः येण्याची आमच्याकडे रीत नव्हती, पार्सलं यायची. हे गृहस्थ एका हातात सफरचंदाची लाकडी पेटी आणि दुसऱ्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या काटक्यांचा भारा घेऊन दारात उभे राहिले. डोक्यावर गोल टोपी, अंगात लोकरीचं जाकीट. कोपरीच्या उकाड्यात लोकरीचं जाकीट! नरेशनं आधी पंखा वाढवला, मग नाव विचारलं.

त्यांचं दुखणं त्यांनी पाणी पिऊन झाल्यावर सांगितलं. त्यांच्या वडिलांनी, बाऊजींनी, तरुणपणी लावलेलं एक झाड होतं. गावातलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात गोड. त्या गावाची रीत अशी की झाडाची फांदी विकायची नाही, मागेल त्याला कलमासाठी द्यायची. बाऊजींनी आयुष्यभर दिली. कलमं बांधायला गावोगाव हिंडणारा एक कलमवाला यायचा, आणि अर्धं गाव त्याच झाडाच्या फांद्यांवर उभं राहिलं. आणि आता त्या कलमांपैकी कितीतरी तरुण झाडांना ठिपकेवाली फळं लागत होती. जुन्या झाडाची फळं मात्र स्वच्छ. पण तिकडच्या साहेबांनी सांगितलं की काही झाडं आजार पोटात ठेवून वरून निरोगी दिसतात. झालं, गाव म्हणायला लागलं, रोग म्हाताऱ्यानं वाटला. बाऊजी चावडीवर जायचे बंद झाले. मग एका सकाळी ते स्वतःच म्हणाले, काटो उसको. नेगीजींनी त्यांच्याकडून एवढंच वचन घेतलं, की मी ठाण्याहून परत येईपर्यंत कुऱ्हाड लावायची नाही.

"मैडम," नेगीजी बाईंना म्हणाले, "पेड़ जाएगा तो जाएगा। पर बाऊजी ये सोचके न जाएँ, कि उन्होंने बीमारी बाँटी।"

बाईंनी जुन्या आणि तरुण झाडांच्या काटक्यांचा तो भारा दोन्ही हातांनी घेतला, मोजे न घालता, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आपल्याला आतली साल लागते हो, वरून हात लागला तर चालतं."

पहिल्या रात्री ते स्टेशनजवळच्या लॉजवर राहिले आणि सकाळी उकाड्यानं चक्कर येऊन जिन्यात बसले. नरेश त्यांना बाळकुमला न्यायला तयार होता, पण माझा भाऊ तेव्हा नोकरीसाठी बडोद्याला होता, त्याची खाट रिकामी होती. म्हणून ते डोंबिवलीला आमच्याकडे आले. प्रयोगशाळेत फ्रीज एकच आणि तोही कुरकुरणारा, म्हणून उरलेल्या काटक्याही आमच्याकडे आल्या. आईनं त्या भाजीच्या कप्प्यात कोथिंबिरीशेजारी ठेवल्या. "यांचा रोग माझ्या कोथिंबिरीला लागणार नाही ना?" एवढंच विचारलं.

त्या दिवसांत आमचं घर मजेशीर होतं. आईचं हिंदी म्हणजे मराठीला लावलेलं 'है'. "भाऊ, और एक पोळी घेव ना, लाजो मत." नेगीजींना सगळं कळायचं. त्यांना आमची आमटी आवडली, मासळीचा वास आवडला नाही, आणि ताक तर ते तांब्यानं प्यायचे. पेटीतली सफरचंदं आई रोज कापायची आणि आम्ही कोणीही आजारी नसताना ताटलीभर फोडी खायचो. बाबा दर फोडीला म्हणायचे, "टायफॉइडशिवाय! काय दिवस आलेत!" त्या सफरचंदांचा करकरीत आवाज आणि दातांना झोंबणारा गोडपणा मला नंतर कुठल्याच फळात मिळाला नाही. खरं तर ती त्याच जुन्या झाडाची होती, हे आम्हाला नंतर कळलं.

रविवारी बाबांनी त्यांना खडवलीला नेलं, नदीवर. मी आणि आईपण गेलो. पाऊस नुकताच सरलेला, भातसेचं पाणी निवळलेलं, काठानं भाताची शेतं पिवळी होत आलेली. नेगीजींनी जाकीट काढलं, सदरा काढला, टोपी आईच्या हातात दिली आणि बनियनवर जे पाण्यात बसले ते तासभर उठलेच नाहीत. बाबा काठावरून ओरडत होते, "अहो नेगीसाब, सर्दी होईल!" आणि बर्फातला तो माणूस हसून हसून पाण्यावर हात मारत होता. बाऊजींचं नाव निघालं तेव्हा मात्र त्यांनी डोक्यावरून पाणी घेतलं. मीसुद्धा त्या दिवशी पहिल्यांदा घाबरले. काटक्या, रेघा, रसायनं हे सगळं आतापर्यंत माझं काम होतं. आता त्या काचेवर एका म्हाताऱ्या माणसाची मान अडकली होती.

आणि मग आली खंडेनवमी.

आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. सुतार करवत पुजतो, गिरणीवाला जातं पुजतो, रिक्षावाला रिक्षेला हार घालतो. मग प्रयोगशाळेनं काय घोडं मारलंय? नरेश बाळकुमहून पोतंभर झेंडू घेऊन आला. धागे पळवायच्या विजेच्या टाकीला हार, भट्टीला हार, फ्रीजला हार. काचा धुऊन-पुसून पाटावर मांडल्या. खल आणि बत्ता मधोमध, महादेवासारखे. मी जरा कुरकुरले, तर नरेश म्हणाला, "काय नाय होत गो. आमचे गावान कोयता पन पुजतान, नांगर पन पुजतान. वर्षभर राबतंय बिचारं, एक दिवस त्याचा नको?"

पूजा केली बाईंनी. हो, आपटेबाईंनी, स्वतः. मोजे काढून, आंघोळ केलेल्या स्वच्छ हातांनी. हळदीत बोट, कुंकवात बोट, आणि प्रत्येक काचेवर, प्रत्येक बाटलीवर, खलाच्या आत, बत्त्याच्या टोकावर एकेक टिकली. अक्षता. नारळ. आम्ही सगळ्यांनी नमस्कार केला, नेगीजींनी टोपी काढून केला. पेढे वाटले. प्रसन्न वाटत होतं हो, खोटं कशाला सांगू? देवालाच साकडं घातल्यासारखं वाटत होतं.

दसऱ्याची सुट्टी झाली आणि आम्ही सगळी हत्यारं धुतली. धुतली, पण भाजली नाहीत. परवाच तर भाजली होती, आणि मधे वापरली कुठे होती? कोणाच्याच डोक्यात आलं नाही की मधे ती पुजली होती.

काचेवर चांदीचं पाणी घातलं तेव्हा आम्ही चौघंही वाकून उभे होतो. वर नुसता धुरकट डाग उमटला. खालची बाजू कोरी राहिली. जुन्या झाडाच्या घरात रेघ नाही. तरुण झाडांच्या घरांतही नाही! नेगीजींनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मी बावळटासारखी हसले. तेवढं त्यांना पुरलं. ते जिना उतरून धावत एसटीडी बूथकडे गेले, नरेश त्यांच्यामागे. मी टाळ्या वाजवायच्या बेतात होते.

बाई मात्र हलल्या नव्हत्या. त्यांनी काचेच्या अगदी कडेच्या घरावर बोट ठेवलं. तिथं आम्ही दर वेळी एका झाडाचा नमुना घालतो, जे आजारी आहे हे आधीच पक्कं ठाऊक असतं. परीक्षा बरोबर झाली की नाही हे त्यावरून कळतं.

"वीणा," बाई म्हणाल्या, "हे कधी बरं झालं?"

तेही कोरं होतं. बाईंनी खल उचलून उजेडात धरला. आतल्या बाजूला, बारीक खरबरीत खळग्यांत, कुंकवाची लाली अजून होती. बाईंनी आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे बघितलं आणि त्या खुर्चीत बसल्या.

नरेश आणि नेगीजी घामाघूम होऊन परत आले. डोंगरातली लाईन लागलीच नव्हती. त्या दिवशी लागली असती तर बाऊजींना खोटीच खबर गेली असती. बाईंनी उभं राहून, मोडक्या हिंदीत, सगळं सांगितलं. आपल्या हातानं झालं हेही सांगितलं. मग नरेश हळूच म्हणाला, "बाई, देवानं सगल्यांनाच बरं करून टाकलं."

आधी नेगीजी हसले. विश्वास बसणार नाही, पण आधी तेच हसले. मग बाई, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हार घातलेल्या त्या फ्रीजला टेकून आम्ही चौघं हसत होतो, आणि हसणं थांबल्यावर कळलं की आपण पुन्हा पहिल्या पायरीवर आहोत, आणि डोंगरात कुऱ्हाड अजून भिंतीला टेकून उभी आहे. त्या संध्याकाळी नेगीजींनी ताक घेतलं नाही. आईनंही आग्रह केला नाही, फक्त तांब्या भरून त्यांच्याजवळ ठेवला.

कोथिंबिरीशेजारच्या काटक्या कामी आल्या. सगळं पुन्हा. भट्टी सकाळपासून तापली, प्रयोगशाळेत उभं राहवेना. मोज्यांवर मोजे. साल खरवडताना माझ्या नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब आला, तर नरेशनं तो रुमालानं टिपला. शस्त्रक्रियेत टिपतात तसा. मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, या वेळी तू फक्त बघ, हात लावू नकोस.

दुसऱ्या दिवशी दुपारी काच चांदीच्या पाण्यात गेली. रंग सावकाश चढला. पहिल्यांदा कडेचं घर बोललं: खाली, एकटी, ठसठशीत रेघ. ठाऊक असलेलं आजारी झाड आपल्या जागी आजारी होतं. एखाद्याच्या आजारपणानं मला इतका आनंद त्याआधी कधीच झाला नव्हता. मग तरुण झाडांच्या घरांत रेघा उमटल्या, एकात, दुसऱ्यात, तिसऱ्यात. नेगीजींचे ओठ हलत होते. त्यांच्या शेजारची घरं जुन्या झाडाची, वेगवेगळ्या फांद्यांची. वर सगळ्या रेघा स्वच्छ, जशा असायला हव्यात तशा. खाली काही नाही. आम्ही थांबलो. बाईंनी भिंग घेतलं. पुन्हा थांबलो. काही नाही.

"ये खाली है," नेगीजी कुजबुजले. "खाली मतलब?"

बाईंनी भिंग ठेवलं. "नेगीजी," त्या म्हणाल्या, "आपका पेड़ अच्छा है। रोग उसका नहीं है। कलम करनेवाला जो गाँव-गाँव घूमता है ना, उसका चाकू. एक बीमार झाड काटा, फिर वोही चाकू दुसरे को. रोग चाकू के ऊपर बैठके आया।" त्या क्षणभर थांबल्या आणि मराठीत पुढे म्हणाल्या, "हात साफ असला तरी होतं हो असं. मला विचारा."

नेगीजींनी दोन्ही हात जोडले. मग ते जिन्याकडे वळले आणि आम्ही सगळे, बाईंसकट, त्यांच्यामागे निघालो. बूथवर रांग होती. नरेशनं रांगेला काय सांगितलं देव जाणे, पण रांग बाजूला झाली. या वेळी लाईन लागली. गावच्या दुकानात फोन होता, तिथून कोणीतरी बाऊजींना आणायला पळालं. मीटरचे लाल आकडे धावत होते, आम्ही बूथला खेटून उभे होतो. बाऊजींना कमी ऐकू यायचं. नेगीजी इतक्या मोठ्यानं ओरडले की बूथच्या काचा थरथरल्या.

"बाऊजी! पेड़ साफ है! सुना आपने? आपने किसी को बीमारी नहीं दी! किसी को नहीं!"

रांगेतले एक काका दचकून माझ्याकडे वळले. "काय हो, कोण बरं झालं?"

"कोन आजारीच नवतं काका," नरेश म्हणाला आणि डोळे पुसायला पाठ करून उभा राहिला.

आत नेगीजी ऐकत होते. बराच वेळ ऐकत होते. मग त्यांनी फोन ठेवला, बाहेर आले आणि टोपी काढून हातात धरली. बाऊजी काय म्हणाले, असं बाईंनी विचारलं.

"बोले, जिनके पेड़ अब कटेंगे," नेगीजी म्हणाले, "कलम की पहली टहनी उनके घर जाएगी।"